लबाड ऋणकोचे छप्पर

दिवाळे निघाले तरी माणसाला अगदी उघड्यावर आणू नये, एवढे बहुतेक कायदे मानतात. आपल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतले कलम 60 अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळते. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण ऋणको लबाड निघाला तर? त्यालाही हे सारे सोडायचे का?

अमेरिकेत हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थाने 2004 साली नादारीचा अर्ज केला. जवळ मोलाचे असे एक घर, किंमत सुमारे 3 लाख 63 हजार डॉलर. राहत्या घरापोटी 75 हजारांची सूट राज्याचा कायदाच देत होता. शिवाय घरावर दोन कर्जे दाखवलेली. ती आणि सूट वजा केली की धनकोंच्या हाती फुटकी कवडीही पडत नव्हती. त्यातले दुसरे कर्ज बनावट होते. ज्या बाईच्या नावे ते दाखवले होते त्या नावाच्या दोघी निघाल्या! त्यातली एक म्हणे चीनमध्ये राहणारी, इंग्रजीचा गंध नसलेली. तरी न्यायालयात कागदांवर कागद दाखल करीत होती. हे कुभांड उघडे पाडताना विश्वस्ताचा वकिलीखर्च 5 लाख डॉलरांवर गेला. 2009 मध्ये कर्ज खोटे ठरले आणि नादारी न्यायालयाने सुटीचे 75 हजारही त्या खर्चापोटी वळते केले.

ऐकणारा म्हणेल, बरे झाले. पण 2014 साली ‘लॉ विरुद्ध सीगल’ या निकालात न्या. स्कालिया यांनी एकमताने ते रद्द ठरवले. विश्वस्ताने सुटीला मुदतीत हरकत घेतली नव्हती. आणि सुटीच्या मालमत्तेवर असा खर्च टाकू नये, असे कायदाच सांगतो. कर्जमुक्ती नाकारा, दंड करा, खटला भरा. कायद्यात नसलेली शिक्षा मात्र न्यायाधीशाने काढू नये.

आम्हाला हे पटते. सूट म्हणजे सद्वर्तनाचे बक्षीस नव्हे. शिवाय लबाडी म्हणजे हेतू, आणि तो बहुधा खुणांवरूनच ताडावा लागतो : माल मेव्हण्याच्या नावावर, पावती नाही, हिशेब अर्धवट. गरिबाच्या घरात या खुणा लबाडीवाचूनही सापडतात. तिथे न्यायाधीशाच्या संतापाला छप्पर काढून घेण्याची मुभा दिली तर ती लबाडापाशीच थांबेल, याची हमी कोण देणार?

धनकोंचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यांत पगार थकलेला मजूरही असू शकतो. या निकालाने प्रामाणिक विश्वस्तावर मोठा आर्थिक भार पडतो, हे स्कालिया यांनीही मान्य केले आहे.