हाताचे मार्क

गेल्या महिन्यात ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. माझ्या सहा वर्षांच्या भाच्याची वही होती. 'ग' एका चौकटीत आणि त्याचा काना पुढच्या चौकटीत. खाली लाल पेनाने शेरा: 'अभ्यासात लक्ष देत नाही.' त्याखाली ताईचा प्रश्न, "हा मागे पडेल का रे?"

मी इंजिनियर माणूस. धीर देण्याआधी डेटा शोधला. 2010 साली डेव्हिड ग्रिसमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या हजारो मुलांची माहिती तपासली होती. शाळेत पाऊल टाकताना ज्यांना आकृती बघून काढण्यासारखी बोटांची कामं चांगली जमत होती, ती मुलं पुढे गणितात आणि वाचनातही सरासरीने पुढे दिसली. मी लिंक ताईला पाठवून मोकळा झालो.

आठवड्याभरात घरी मणी, चिमटे, कात्री असा संच आला. संध्याकाळचं क्रिकेट बंद झालं आणि त्या वेळात मणी ओवणं सुरू झालं. व्हिडिओ कॉलवर भाच्याने विचारलं, "मामा, मणी ओवले की मार्क मिळतात?"

मला उत्तर देता आलं नाही.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडते असं नाही, हे मी ऑफिसात रोज सांगतो. घरची परिस्थिती, लक्ष टिकवण्याची क्षमता, यांचा परिणाम हातावरही होतो आणि अभ्यासावरही. पण माझ्या डोक्यात वेगळंच आलं. शाळा मुलाच्या डोक्यातलं मोजते ते बहुतेक वेळा त्याच्या हातातूनच. मग हात आणि मार्क यांचा संबंध दिसला, तर त्यातला काही भाग आपणच तयार केलेला नाही का?

दहावीत इतिहासाच्या पेपरात माझे शेवटचे दोन प्रश्न राहिले. उत्तरं येत होती, हात पोचला नाही. आज दिवसभर कीबोर्डवर काम करतो. माझं अक्षर कसं आहे हे टीममध्ये कुणालाच माहीत नाही. मी मधल्या काळात हुशार झालो नाही, फक्त साधन बदललं. कीबोर्ड अडकतोय म्हणून आपण प्रोसेसरला मंद म्हणत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र सर्रास म्हणतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिसग्राफिया आणि डिसप्रॅक्सिया ही नावं आहेत, म्हणजे हाताची अडचण ही अडचण असते हे कायद्याने मानलंय. पण प्रमाणपत्र लागण्याइतकी अडचण नसलेल्या, नुसत्या हळू हात चालणाऱ्या मुलाचं काय? त्याच्या वहीत 'जमत नाही'च्या जागी 'करत नाही' लिहिलं जातं. पहिल्यात अडचण नोंदवली जाते, दुसऱ्यात मुलाच्या स्वभावावर निकाल लागतो. सहा वर्षांच्या मुलाला हा फरक सांगता येत नाही, म्हणून तो निकाल खरा मानतो.

मग हाताला वळण लावायचंच नाही? लावायचं. शर्टाची बटणं लावता येणं, मटार सोलता येणं, स्वतःचं नाव लिहिता येणं यात मुलाचं स्वातंत्र्य आहे. पण हे सगळं मार्कांसाठी करायचं ठरवलं, तर मार्क वाढले नाहीत त्या दिवशी मणी माळ्यावर जातील. आणि गेलेलं क्रिकेट परत येईलच असं नाही.

ताईला फोन करून सांगितलं, चूक माझी होती, मी अर्धीच गोष्ट पाठवली. क्रिकेट पुन्हा सुरू झालं. ती शाळेत जाऊन बाईंना म्हणाली, "त्याला तोंडी विचारून बघा ना." बाई म्हणाल्या, "बाकीच्या चाळीस जणांचं काय करू?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एकट्या बाईंकडे मागणं बरोबर नाही. पण तो विचारला गेला तेव्हा निदान एवढं कळलं, की कमी पडतंय ते लक्ष एकट्या माझ्या भाच्याचं नाही.