निपुत्रिक आणि वांझ

मूल नसलेला पुरुष निपुत्रिक असतो. स्त्री मात्र वांझ ठरते. पहिल्या शब्दात कीव आहे, दुसऱ्यात शिक्षा. वास्तविक बीजकोशातून महिन्याला बहुधा एकच स्त्रीबीज सुटते आणि जेमतेम दिवसभर जगते. तेवढ्यात गर्भनलिकेत पुरुषबीजाशी गाठ पडली, तरच पुढे गर्भाशयात गर्भ रुजायचा. नलिका बंद असू शकते, तसे पुरुषबीजही दुबळे असू शकते. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज कार्ल फोन बेअर या शास्त्रज्ञाला १८२७ साली दिसले; आपला निकाल त्याच्या कितीतरी आधी लागला होता! वर्षभरात दिवस गेले नाहीत, तर दोघांचीही तपासणी व्हावी, असे वैद्यक सांगते. आणि दोष तिच्यात निघाला, तरी ओटी भरताना तिला बाजूला सारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?