‘त्यांना सवय असते’

नेपाळमधल्या लुक्ल्याच्या विमानतळाची उंची सुमारे २८४५ मीटर आहे. तिथून एव्हरेस्टच्या पायथ्याकडे निघालेल्या माणसाला पुढचा सगळा प्रवास पायीच करायचा असतो. नामचे बाजार, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप असे मुक्काम करत तो ५३६४ मीटरवरच्या बेस कॅम्पला पोहोचतो. या वाटेवरच्या लॉजमध्ये शिजणारा तांदूळ, गॅसची टाकी, अंड्यांचे ट्रे, छपराचे पत्रे हे सगळं कुणीतरी वाहून आणलेलं असतं. काही खेचरांनी, काही याकांनी आणि बरंचसं माणसांनी. पाठीवर डोको नावाची बांबूची टोपली, तिचा भार कपाळावर पेलणारा नाम्लो हा पट्टा आणि दम खायला थांबल्यावर ओझं टेकवायला टोकमा ही आखूड काठी, एवढीच त्यांची साधनं.

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत या वाटेवर मराठी बोलणं सहज कानावर पडतं. सह्याद्रीत स्वतःची सॅक स्वतः वाहणारे आपले ट्रेकर इथे मोठी बॅग भारवाहकाकडे देतात. विरळ हवेत ते शहाणपणाचंच असतं. मग कधीतरी साध्या बुटांत, पातळ जॅकेटमध्ये दोन-तीन बॅगा एकत्र बांधून चढणारा एखादा तरुण दिसतो आणि कुणीतरी विचारतं, ‘याला त्रास नाही का होत?’ उत्तर तयार असतं : ‘त्यांना सवय असते.’

हे उत्तर अर्धंच खरं आहे, म्हणून ते तपासायला हवं. नामचे बाजाराकडे माल नेणाऱ्या भारवाहकांचा एक अभ्यास २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातल्या पुरुषांच्या पाठीवरचं ओझं सरासरीने त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के होतं आणि इतका भार ते थक्क करावं इतक्या कमी शक्तीत वाहत होते. हे त्यांचं कौशल्य निर्विवाद आहे. पण ओझ्याची सवय म्हणजे उंचीची सवय नव्हे. ट्रेकिंगचं सामान वाहणारे अनेक जण उंचावरच्या शेर्पा गावांतले नसतात. ते राई, तामांग, मगर अशा समाजांतले, खालच्या डोंगरांतले शेतकरी असतात. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचवणारा तिथला आजार पुण्याहून आलेल्याला होतो तसाच त्यांनाही होतो. आपल्याला बजावलेलं असतं, तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, डोकं दुखलं तर लगेच सांगा. आपण सांगतो, कारण आपल्याकडे विमा असतो आणि गरज पडली तर हेलिकॉप्टर येतं. दुखणं सांगितलं तर उद्याची मजुरी बुडेल, ही भीती ज्याला आहे तो गप्प राहतो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये अन्नपूर्णा परिसरात, ५४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास हिमवादळ आलं. चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यांत परदेशी पाहुण्यांबरोबर वाटाडे, भारवाहक आणि स्थानिक माणसंही होती. बर्फाने कुणाच्या सवयीचा विचार केला नाही.

गरजेपोटी अंगवळणी पडलेल्या कष्टाला आपण सवय म्हणतो आणि तिथेच आपली जबाबदारी संपल्याचं ठरवून टाकतो. हे हिमालयातच घडतं असं नाही. बाजारपेठेत शंभर किलोचं पोतं उचलणाऱ्या हमालाबद्दलही हेच बोललं जायचं. बाबा आढावांसारख्या माणसांनी हमालांना संघटित केलं, माथाडी कामगार लढले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. दुसऱ्याच्या पाठीवर किती भार असावा, हा न्यायाचा प्रश्न आहे, हे या मातीला ठाऊक आहे. ते आपण लुक्ल्याला उतरल्यावर विसरता कामा नये. पेरूमध्ये इंका वाटेवरच्या भारवाहकांसाठी आणि टांझानियात किलिमांजारोवर वीस किलोची मर्यादा घातली गेली. म्हणजे मर्यादा घालता येते.

काही जण म्हणतात, त्यापेक्षा भारवाहक घेऊच नये. तसं केल्याने त्यांचं भलं होणार नाही. त्या मजुरीवर घरं चालतात, मुलं शिकतात. काम द्यावं, पण ज्या काळजीने आपण स्वतःला जपतो त्याच काळजीने त्यालाही जपावं. एडमंड हिलरींनी १९५३ साली तेनझिंग नोर्गेंसोबत एव्हरेस्टचं शिखर गाठलं. पुढे याच वाटेवरच्या खुंबू भागातल्या लोकांनी मागितलं म्हणून १९६१ मध्ये खुमजुंगला शाळा उभी केली, १९६६ मध्ये खुंदेला रुग्णालय काढलं आणि आयुष्यभर ते काम चालवलं. आपलं शिखर इतरांच्या पाठीवर उभं आहे, हे त्यांनी मान्य केलं होतं.

आपल्यापुढची परीक्षा फार लहान आहे आणि ती घरी बसूनच द्यायची असते. चार ठिकाणचे दर विचारून आपण सगळ्यांत स्वस्त सहल निवडतो. विमानाचं तिकीट स्वस्त करणं आयोजकाच्या हातात नसतं, परवान्याचं शुल्क सरकार ठरवतं. मग दर कमी होतो तो कुठे? भारवाहकाच्या मजुरीत, त्याच्या विम्यात आणि दोघांचं ओझं एकाच्या पाठीवर देण्यात. आपण वाचवलेले पैसे अनेकदा त्याच्या गुडघ्यांनी भरलेले असतात.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला चार प्रश्न विचारा. एका भारवाहकावर किती किलो देता आणि त्याचं स्वतःचं सामान त्यात धरता का? वरच्या मुक्कामी तो कुठे झोपतो, त्याच्याकडे उबदार कपडे आणि बूट आहेत का? त्याचा विमा उतरवला आहे का? तो आजारी पडला तर त्याच्यासोबत खाली कोण जाईल? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण आजारी भारवाहकाला हिशेब चुकता करून एकट्याने उतरायला लावल्याचे प्रकार घडले आहेत. वाटेवर त्याचं नाव विचारा, रोज सकाळी त्याची तब्येत विचारा आणि डोकं दुखतंय म्हणाला तर त्याचं ओझं उतरवा, मग आपला बेत बदलावा लागला तरी चालेल. आणि या चार प्रश्नांची सरळ उत्तरं ज्याच्याकडे नसतील, त्याच्याकडे पैसे भरू नका.