राघूची संमती

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या दाराची घंटा वाजू लागते. फराळाच्या ताटांची देवघेव तोवर सुरू झालेली नसते. येणारे येतात ते आपापल्या पाखरांची चिंता घेऊन. "काका, फटाक्यांनी आमचा पक्षी रात्रभर पंख आपटतो हो, काय करावं?" मी सांगतो, पिंजरा आतल्या खोलीत भिंतीलगत ठेवा. वर जाडसर कापड घाला, पण एक बाजू मोकळी असू द्या. खोलीत मंद दिवा राहू द्या, म्हणजे दचकला तरी त्याला बसायची दांडी दिसेल. रेडिओ हळू आवाजात लावून ठेवा. ऐकणारा समाधानाने जातो आणि थोड्या वेळाने दुसरा येतो. तेवीस वर्षे घरात पोपट बाळगल्यामुळे आमच्या पेठेने मला 'पोपटवाले काका' ही पदवी बहाल केली आहे. छत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले, त्याची मात्र कोणाला आठवण नाही!

पोपट आता नाही. २०२१ च्या पावसाळ्यात तो गेला. गेला म्हणूनच हे लिहू शकतो. तो असताना हे लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते, कारण माझे हे पोपट पाळणे कायद्याने गुन्हा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा राघू घरात कोंडायला मनाई आहे. परदेशी लव्हबर्डांची जोडी दुकानातून उघडपणे आणता येते, आणि आपल्याच आंब्याच्या ढोलीत जन्मलेला राघू मात्र आणता येत नाही. हे ऐकून लोक हसतात. मला ते हसण्यासारखे वाटत नाही. इथल्या राघूसाठी इथलीच ढोली फोडावी लागते, हे त्या मनाईमागचे साधे कारण आहे. पण तुळशीवृंदावनाइतकाच राघूचा पिंजरा आपल्या घरात मुरलेला, त्यामुळे त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनातच येत नाही. माझ्याही आले नव्हते, असे मी पुष्कळ वर्षे सांगत असे.

ते खरे नव्हते. १९९८ सालच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला एक माणूस गोणपाटाने झाकलेली बुट्टी घेऊन बसला होता. आत सात-आठ पिल्ले एकमेकांवर रेललेली, निम्म्या अंगावर पिसे, निम्मे उघडे. दोन निपचित पडली होती. मी वाकून पाहिले, भाव केला आणि त्यातले एक घेऊन घरी आलो. त्याच वर्षी वर्गात मी बाणभट्टाच्या कादंबरीतला शाल्मलीवृक्षाचा भाग शिकवला होता. विंध्यारण्यातल्या त्या प्रचंड झाडावर एक म्हातारा शबर चढतो आणि फळे तोडावीत तशी ढोल्यांतून पोपटांची पिल्ले ओढून, माना मुरगाळून खाली टाकतो. बापाच्या पंखाखाली दडल्यामुळे एकच पिल्लू वाचते, तो वैशंपायन. हा भाग शिकवताना दरवर्षी माझा गळा दाटून येई, मुलेही गप्प होत. आणि तोच मी, कनवटीला ते सारे वाङ्मय असताना, बुट्टीपाशी उभा राहून भाव करीत होतो. पुढे वैशंपायन शूद्रक राजाच्या दरबारी सोन्याच्या पिंजऱ्यातून येतो. वाचकांना तो पिंजरा लक्षात राहतो, झाड विसरते. संस्कृतच्या मास्तरालाही विसरले.

त्याचे नाव मिठू. हे नाव कोणी ठेवावे लागत नाही, ते पोपटाबरोबरच येते. त्याला वाढवले ते माझ्या आत्याने. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन ती भावाच्या घरी आली आणि वडिलांच्या पश्चात माझ्याकडेच राहिली. तेव्हा ऐंशीची होती. डाळ भिजवून, चुरून ती त्याला बोटाने भरवी. तिसऱ्या वर्षी त्याच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी उमटली, तेव्हा तिने शेजारीपाजारी पेढे वाटले. मुंज झाली म्हणाली! सकाळी सहाला तिची पूजा सुरू झाली की हा 'विठू विठू' म्हणू लागे, पण भक्तीने नव्हे. पूजेनंतर खोबऱ्याचा तुकडा मिळतो एवढे त्याला कळलेले. मिरची तो एखाद्या शौकिनासारखी पायात धरून सावकाश खाई. तिखटाची आगच पाखरांना जाणवत नाही, हे मला फार पुढे कळले. तोवर पोपटाच्या सहनशक्तीवर मी मुलांना एक व्याख्यान देत असे. रागावला की त्याच्या डोळ्यांतली बाहुली क्षणात बारीक, क्षणात मोठी होई. तशा वेळी हात पुढे करणाऱ्याची खैर नसे. माझ्या उजव्या तर्जनीवर तशा तीन खुणा आहेत. सौभाग्यवतीला तो कधीच चावला नाही. ती म्हणते, माणूस ओळखतो तो.

संध्याकाळी आमच्या गच्चीवरून राघूंचा थवा जाई. दिवसभर रानावनात, बागाबगिच्यांत हिंडून एका ठराविक झाडावर रात्री एकत्र उतरायचे, ही त्यांची रीत. त्यांचा कलकलाट लांबून ऐकू आला की मिठू हातातले काही असेल ते टाकून देई आणि गजांना धरून उलटा लटकून ओरडे. त्या ओरडण्यात 'विठू' नसे, 'कोण आहे' नसे. आम्ही शिकवलेला एकही शब्द त्यात नसे. थवा गेला की मग बराच वेळ तो गप्प असायचा.

पंख कापणे आम्ही पहिल्या दोन वर्षांनंतर थांबवले होते. पिसे नव्याने आली होती. २००१ सालच्या एका संध्याकाळी मी पिंजरा गच्चीवर नेला आणि दार उघडून लांब जाऊन बसलो. खरे सांगायचे तर मी न्यायाधीशासमोर बसल्यासारखा बसलो होतो. थवा आला. मिठू बाहेर पडला, पिंजऱ्याच्या टपावर चढला, गळा फाटेपर्यंत ओरडला. दोनदा पंख पसरले आणि मिटले. दिवेलागण झाली तसा उलट्या पावली उतरून आत गेला आणि आपल्या दांडीवर जाऊन बसला. घरात आनंदीआनंद झाला. "बघा, त्याला इथंच आवडतं!" सौभाग्यवतीने त्या रात्री शिरा केला. एकटी आत्या काही बोलली नाही. रात्री तिच्या पायाला तेल चोळत असताना म्हणाली, "अरे बाळ, दार आत्ता उघडलंस होय?"

त्या वाक्याचा अर्थ मी पुढली वीस वर्षे लावतो आहे.

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी १९७७ साली एक आफ्रिकी करडा पोपट विकत आणला. त्याचे नाव अ‍ॅलेक्स. २००७ साली तो मरेपर्यंत तीस वर्षे त्या त्याला शिकवत होत्या. तो रंग आणि आकार सांगे, वस्तू मोजी, नको असेल ते 'नको' म्हणे. आणि कंटाळला की आपल्याला परत जायचे आहे असे शब्दांत मागे. परत म्हणजे पिंजऱ्याकडे. हे वाचले तेव्हा माझ्या मनावरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. ज्याला भाषा आली त्या पोपटानेही पिंजराच मागितला! मग मिठूने मुक्याने मागितला, त्यात नवल काय? पण ते समाधान दोन-चार दिवसच टिकले. थकलेले मूल घरी जायचे म्हणते, तेव्हा ते दोन घरे पाहून त्यांतले एक निवडीत नसते. त्याला घर एकच ठाऊक असते.

आत्याला नात्यातले कोणी विचारीत, "बरं चाललंय ना?" ती म्हणे, "मला इथं काय कमी आहे?" माझे वडील हे वाक्य मोठ्या अभिमानाने लोकांना सांगत. ते खोटे नव्हते. आत्या खरोखरच सुखात होती. हसायची, भांडायची, पत्ते खेळताना लबाडी करायची. पण ती सुखी आहे का, हा एक प्रश्न, आणि एकोणिसाव्या वर्षी तिच्यासाठी सारी दारे लावून घेण्याचा अधिकार कोणाला होता, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'हो' आले की दुसरा सुटला असे आमचे घर धरून चालले. मिठूच्या बाबतीत मीही तेच केले. तो माझ्या खांद्यावर बसून कान कुरतडी, तेव्हा त्याचे ते प्रेम खरे होते याविषयी मला आजही शंका नाही. पण त्या प्रेमाची पावती मी बुट्टीवाल्याकडच्या व्यवहारावर चिकटवीत होतो. तो व्यवहार झाला तेव्हा त्या पिल्लाला काही विचारलेले नव्हते. पुढे कितीही लाड झाले तरी ती संमती मागल्या तारखेने मिळत नाही.

माझा पुतण्या म्हणाला, "मग सोडून द्यायचा होता सरळ. लंडनमध्ये पाळीव राघू सुटले, त्यांचे थवे झाले आज." झाले, खरे आहे. पण जगले ते थव्यात दिसतात. मांजराने उचलले ते दिसत नाहीत. मिठूला ससाणा माहीत नव्हता, पाणी वाटीबाहेरही असते हे माहीत नव्हते, टेबलापासून कपाटापर्यंत उडाला की त्याला धाप लागे. सोडला असता तर मी मोकळा झालो असतो, तो नव्हे. वनखात्याच्या मार्फत अशा पक्ष्यांना मोठ्या जाळीघरात ठेवून उडायला शिकवतात, हे कळले तेव्हा तो म्हातारा झाला होता, आणि मी, हेही लिहितो, स्वार्थी.

आत्या २००३ साली गेली. मिठू तिच्या आवाजात 'बाळ' अशी हाक मारीत राहिला.

आता लोक येतात त्यांचे काय करायचे? एक तरुण जोडपे आले. त्यांच्या कॉकॅटीलने छातीवरची पिसे उपटून अंग उघडे केले होते. दोघेही सकाळी आठला कामावर जाणारी, पाखरू बारा तास एकटे. मी त्यांना आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे धाडले आणि मग नुसते दाणे घालणे बंद करून पालक, गाजर, लाल भोपळा द्यायला सांगितला, चघळायला कडुलिंबाची डहाळी द्यायला सांगितली. न चिकटणारा तवा रिकामा तापत ठेवू नका, त्याच्या धुराने पाखरे मरतात, हेही सांगितले. मुलगी रडायलाच लागली. तिला नीतिशास्त्र काय सांगायचे? आधी पाखराला पिसे येऊ देत.

पण दहा वर्षांचा एक मुलगा आईला घेऊन आला, पिल्लू कुठे मिळते हे विचारायला, तेव्हा मी स्पष्ट नाही म्हणालो. ढोलीची, बुट्टीची गोष्ट सांगितली. नेमका तेव्हाच मिठू आतून ओरडला, "कोण आहे?" मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिले. "तुमच्याकडे आहे ना पण?" मी म्हणालो, "आहे, म्हणूनच सांगतो." हे उत्तर मला तेव्हाही लंगडे वाटले होते. पंधरा दिवसांनी त्यांच्या गॅलरीत लव्हबर्डांचा पिंजरा दिसला. मुलाने मला लांबूनच हात केला. दुसऱ्या आठवड्यात मी त्याला नखे कापायला शिकवायला गेलो. जाऊ नये असे वाटले होते, तरी गेलो.

सर्वांत अवघड ते पलीकडच्या आळीतले गृहस्थ. वय एक्याऐंशी. मुलगा परगावी, पत्नीला जाऊन पाच वर्षे झाली. त्यांच्याकडे राघूच आहे, तिने वाढवलेला. दुपारी चारला तो हुबेहूब तिच्या आवाजात म्हणतो, "अहो, चहा गार होतोय." मग हे उठतात, चहा करतात, आणि तो गार व्हायच्या आत पितात. मुलाचे म्हणणे, वनखात्याच्या स्वाधीन करा, उगीच लचांड नको. "मास्तर, तुम्ही सांगाल तसं करीन," म्हणाले. मी कायदा सांगितला, जसा आहे तसा. तिथे त्याला आपल्या जातीची सोबत मिळेल हेही सांगितले, आणि ते खोटे नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. नंतर विचारले, "पण तिथं तो चारला कोणाला हाक मारील?" मला काही बोलता आले नाही. पाखराची बाजू घ्यावी तर या माणसाच्या दिवसातला एकमेव आवाज काढून घ्यावा लागतो. माणसाची घ्यावी तर मी पुन्हा त्या बुट्टीपाशी उभा. मिठूच्या बाबतीत मी स्वतःला हवे ते केले. दुसऱ्याला मात्र कठोर व्हायला सांगण्याचा अधिकार मला उरला आहे का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

गेल्या महिन्यात ते पुन्हा आले. या वेळी मागणे निराळे होते. "माझ्यानंतर तुम्ही ठेवाल का त्याला?" राघू पंचवीस-तीस वर्षे जगतात. त्यांचा जेमतेम पंधराचा आहे आणि मी सत्तरीला टेकलो आहे. विचार करून सांगतो म्हणालो. ते गेल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "आणि तुमच्यानंतर?"

वनखात्याच्या केंद्रात मी एकदा जाऊन आलो, जाळीघर पाहून आलो. उंच आहे, आत झाड आहे. परत येऊन त्यांना काय पाहिले ते सांगितले नाही, अजून. पाडव्याला ते आमच्याकडे फराळाला यायचे आहेत. फटाक्यांत त्याला एकटा कसा ठेवू, म्हणून पिंजराही बरोबर आणतील. तेव्हा बोलेन असे योजले आहे, चार वाजायच्या आधी किंवा नंतर. सौभाग्यवतीने आतली खोली रिकामी केली आहे, जुने जाड कापड धुऊन वाळत टाकले आहे. रेडिओचे सेल तेवढे संपले आहेत, ते आणायला हवेत.