आहुती कोणाच्या हातची?

मार्गशीर्षात दत्तजयंतीचा सप्ताह सुरू झाला की जालना जिल्ह्यातल्या दिंडोरीप्रणीत स्वामी समर्थ केंद्रांत गुरुचरित्राचे पारायण आणि रोज एक याग असा क्रम लागतो. गणेशयाग, चंडीयाग, रुद्रयाग, मल्हारीयाग ही नावे ओळखीची आहेत. पण याच यादीत मनोबोधयाग आणि गीताईयागही असतात. ‘मनोबोध’ म्हणजे मनाचे श्लोक. ते रचणारे रामदास 1608 साली याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मले. ‘गीताई’ विनोबांची, 1932 साली प्रसिद्ध झालेली. मराठी ग्रंथांच्या नावाने कुंड पेटते आणि त्याच्यासमोर शेतकरी, दुकानदार, घर सांभाळणाऱ्या बायका आहुती द्यायला बसतात, ही घटना दिसते त्याहून मोठी आहे.

जुना वैदिक विधीचा श्रौत यज्ञ गावासमोर होई, पण तो गावाचा नसे. एक यजमान, त्याची पत्नी आणि ऋत्विज म्हणजे पुरोहित; सोमयागात तर ते सोळा. खर्च यजमानाचा, फळही त्याचेच. बाकीच्यांच्या वाट्याला दर्शन आणि जेवण. सत्र नावाच्या दीर्घ यज्ञात मात्र सगळे ऋत्विज स्वतःच यजमान असत आणि फळ साऱ्यांचे असे. सामुदायिकतेची ही कल्पना उदार होती, पण तिचा उंबरठा ब्राह्मणांपुरताच होता. विसाव्या शतकाच्या तोंडावर कोल्हापुरात शाहू महाराजांनाही वेदोक्त मंत्र नाकारले गेले, तिथे कुणब्याची काय कथा?

गावाची होळी याहून जुनी आणि मोकळी वाटते. घरटी गोवरी, घरटी पुरणपोळी, मंत्राची अडचण नाही. पण मानाची होळी पाटलाची, आणि अनेक गावांत दलित वस्तीची होळी वेगळीच पेटत आली. अग्नी सर्वांचा झाला तरी मान वाटून दिलेलाच राहिला.

मराठवाड्यात आहुतीच्या अधिकाराच्या या प्रश्नाला राजकीय धारही आली. आर्य समाजाने जातीची अट न ठेवता हवन खुले केले. निजामी राज्यात समाजाच्या मंदिरांवर आणि हवनकुंडांवर निर्बंध आले. डिसेंबर 1938 मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य समाजाची परिषद भरली आणि त्यानंतरचा सत्याग्रह ऑगस्ट 1939 पर्यंत चालला. आजच्या जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग तेव्हा निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्या काळी इथे कुंड बांधणे हा नागरी हक्काचा मुद्दा होता, हे आज विस्मरणात गेले आहे.

म्हणून तुपाची नासाडी एवढ्याच एका हिशोबाने सामुदायिक हवन निकालात काढणे मला अपुरे वाटते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मांडवाबाहेर उभे केले, त्यांच्या हातात आहुती आली, याला मोल आहे. मात्र अधिकार मिळाला की जबाबदारीचा प्रश्न सुरू होतो, आणि तिथे भक्तांनाही उत्तर द्यावे लागेल.

दुष्काळात पर्जन्ययाग मांडले जातात. धुराने पाऊस पडतो याला पुरावा नाही. आधार दिला जातो तो गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा: अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून. पण ती साखळी तिथे थांबत नाही. यज्ञ कर्मातून होतो, असे पुढे लगेच म्हटले आहे. सोयीची कडी उचलायची आणि कष्टाची सोडायची, हा गीतेवर अन्याय आहे. ज्या विनोबांच्या गीताईच्या नावाने याग होतो, त्यांनीच धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली दिलेल्या प्रवचनांत यज्ञाचा अर्थ सांगितला: आपण वापरल्याने सृष्टीची जी झीज होते, ती भरून काढणे.

या अर्थाचा यज्ञ जालना जिल्ह्यात झालेला आहे. कडवंची गावात 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने, गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि 2012-13 च्या दुष्काळातही त्या तगल्या. तिथे कुंड नव्हते, पण शेजाऱ्याच्या शिवारासाठी आपल्या शिवारात पाणी अडवणे होते.

आहुती सोडताना ‘हे माझे नाही’ असे म्हणायची रीत आहे. मूठभर तिळांबाबत ते म्हणणे सोपे आहे. विहिरीच्या पाण्याबाबत आणि पंगतीतल्या जागेबाबत अवघड. सप्ताहात शेकडो माणसे शिस्तीने एकत्र बसू शकतात, हे या केंद्रांनी दाखवले आहे. तीच माणसे उन्हाळ्यात नाल्यावर उतरली, तर गीताईयाग हे नाव सार्थ ठरेल.