किक मारण्याआधी

पवनीतली डिसेंबरची सकाळ. वैनगंगेवरचं धुकं अजून उठलेलं नाही. अंगणातली जुनी, कार्बोरेटरवाली मोटारसायकल रात्रभर गारठली आहे. पाच किका मारल्या, लागली नाही. पाय खाली घ्या. श्वास जागेवर येऊ द्या.

इंजिनाला लागतं काय? हवा, पेट्रोल, दाब आणि ठिणगी. यातलं काय कमी पडतंय, एवढंच मनात धरा.

गाडी हलवून टाकीचा आवाज ऐका. कॉक उघडा आहे ना? चोक ओढलात? थंडीत पेट्रोलची वाफ लवकर होत नाही, म्हणून चोक हवा अडवतो आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. पण चोक ओढून किका मारतच राहिलं तर पेट्रोल ओव्हर होतं, प्लग भिजतो.

प्लग काढा. तळहातावर घेऊन उजेडात धरा. ओला असेल तर पुसा, वाळू द्या. टोक विटकरी असेल तर जळण नीट आहे. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. धानाच्या मळणीची धूळ एअर फिल्टरमध्ये बसली असेल. पांढरंफटक असेल तर याच्या उलट. बघत राहा, प्लग खोटं बोलत नाही.

प्लग परत बसवा. आता किक. लागली. चोक हळूहळू आत ढकला आणि कान द्या. मूठ सोडली की बंद पडते?

इथे हात थेट रेसच्या स्क्रूकडे जातो. माझाही जायचा. रेस वाढवायचो, गाडी चालू राहायची, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. मूठ सोडल्यावर इंजिन जगतं ते कार्बोरेटरमधल्या पायलट जेटमधून येणाऱ्या पेट्रोलवर. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. कचऱ्याचा एक कण पुरतो. स्क्रू पिळून तो कण निघत नाही. जेट काढा, हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं. आणि रेस आपोआप वर-खाली होत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबराला बोट फिरवून बघा. चीर लागेल बोटाला.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच नाही. प्लग, फिल्टर, बॅटरी मात्र तिथेही आधी बघायची.

जेट बसलं. पुन्हा किक. आता मूठ सोडा. मिनिटाला साधारण 1,400 फेरे. तुमच्या एका सावकाश श्वासात शंभरेक. सीटवर हात ठेवा. थरथर एकसारखी आहे.