सावलीतली गाडी

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान करताना अंगावर काटा उभा राहतो; अशा दिवसांत वैशाखातल्या उन्हाची आठवण काढणे म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे. पण उन्हाळ्यातल्या प्रश्नांचा विचार उन्हाळ्यात होत नाही. 45 अंशांत माणसाला फक्त सावली सुचते. तत्त्वविचार सुचायला हवा जरा गार असावी लागते. म्हणून वाचकांनी क्षमा करून थोडा वेळ माझ्याबरोबर भामरागडच्या मे महिन्यात यावे.

भामरागड हे गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाचे गाव. आलापल्लीहून जंगलातून जाणारा रस्ता हेमलकसा मागे टाकतो आणि पर्लकोटा ओलांडून गावात शिरतो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांचा संगम तेथेच आहे. मे महिना हा तिकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. माडिया बाया आणि त्यांची पोरे झुंजुमुंजू होण्यापूर्वी रानात जातात, ऊन चढण्याच्या आत पाने खुडून परततात, 70-70 पानांचे पुडे बांधतात आणि संकलन केंद्रावर नेऊन देतात. तेथे ते पुडे उघड्या मैदानावर वाळत पडतात. ज्या उन्हापासून आपण पळतो, त्याच उन्हावर या लोकांच्या वर्षाच्या रोख मिळकतीचा मोठा वाटा पिकतो.

अशाच एका केंद्राजवळ मोहाच्या झाडाखाली एक मोठी पांढरी गाडी उभी होती. काचा वर चढवलेल्या, इंजिन चालू आणि आत कोणीच नाही. ड्रायव्हर थोड्या अंतरावर दगडावर बसून टॉवेलाने वारा घेत होता. पुडे घेऊन आलेल्या बाया मोहाची ऐसपैस सावली सोडून एका कुडाच्या वीतभर सावलीत पाठ टेकून बसल्या होत्या, कारण गाडीच्या तोंडातून भट्टीसारखी झळ येत होती.

“भाऊ, आत तर कोणी नाही. मग गाडी कशाला चालू ठेवली?” मी विचारले.

“साहेबांनी सांगून ठेवलं जी. ते परत येतील तवा गाडी थंड पाहिजे.”

“मग तुम्ही तरी आत बसा.”

तो हसला. “मी बसलो तर त्यांना चालत नाही.”

अर्ध्या तासाने साहेब आले, बसले आणि गेले. बाया उठून पुन्हा मोहाखाली आल्या. कोणी तक्रार केली नाही. तक्रार करण्यासारखे काही घडले आहे असे कोणाला वाटलेही नसावे. मला मात्र ते खटकले आणि नेमके काय खटकले, याचा शोध मी पुष्कळ दिवस घेत राहिलो.

पहिले उत्तर इंधनाचे. उभ्या गाडीचा एसी चालू ठेवला तर तासाला लिटरभर इंधन जाते असे ढोबळ मानाने म्हणता येईल. लहान गाडीला कमी, मोठीला जास्त. पैसे साहेबांचे, तेव्हा तो प्रश्न त्यांचा. पण लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलो आणि ते जळून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड सव्वादोन किलोंच्या वर! हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो म्हणून हा चमत्कार होतो. हवा मात्र एकट्या साहेबांची नाही. यावर साहेबांचे उत्तर ठरलेले असणार: माझ्या एका लिटराने पृथ्वी तापत नाही. एकेकट्याचा विचार केला तर ते खोटेही नाही. न्यूयॉर्क शहराने हे उत्तर मानलेले नाही. तेथे तीन मिनिटांहून अधिक, आणि शाळेजवळ एका मिनिटाहून अधिक, उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे गुन्हा आहे. दिल्लीत 2020 साली सिग्नलला गाडी बंद करण्याची मोहीम निघाली. पण भामरागडच्या मोहाखाली मिनिटे मोजायला कोण बसणार?

मला पटलेले उत्तर त्या यंत्राच्या रचनेतच सापडले. ते यंत्र थंडी निर्माण करीत नाही. उष्णता एकीकडून उचलून दुसरीकडे टाकते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायूला दाबतो, तो वायू गाडीच्या नाकाशी असलेल्या जाळीत आपली धग सोडतो आणि मग पसरून, गार होऊन, आतली उष्णता शोषू लागतो. आतून काढलेली उष्णता, वर इंजिनाची स्वतःची धग, एवढे सगळे बाहेर जे कोणी असेल त्याच्या अंगावर जाते. माठातले पाणी गार होते तेव्हा शेजाऱ्याला झळ लागत नाही. झाडाच्या सावलीला दार नसते. माडिया माणूस शेतासाठी रान साफ करतानाही मोह राखतो. ती सावली अशी पिढ्यांनी राखलेली होती. इंग्रजी अमदानीत साहेबाच्या खोलीतला पंखा व्हरांड्यात बसलेला माणूस दोरीने ओढत असे. तोही अन्यायच; पण निदान त्या दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे हे साहेबाला ठाऊक असे. गाडीच्या गारव्याला अशी दोरी नाही.

म्हणून उभ्या गाडीचे इंजिन सदैव बंदच असावे काय? तसे मला म्हणवत नाही. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपण सर्वांनी ऐकली आहे. राजाने साऱ्या गावचे दूध देवळात आणवले, तरी गाभारा भरला नाही. म्हातारीने घरची मुलेबाळे, गाईवासरे तृप्त करून उरलेले खुलभर दूध वाहिले आणि तो भरला. भुकेल्यांच्या तोंडचे काढून पुण्य होत नाही. उन्हातल्या बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा 20 अंशांनी तापू शकते. डिझेल वाचवावे म्हणून ड्रायव्हरला तशा गाडीत बसवून ठेवणारा मालक पृथ्वीची सेवा करतो असे मी मानणार नाही. 1973 साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तेथे वीज नव्हती आणि रुग्ण बाजेवर घालून रानातून आणावे लागत. आज त्या रस्त्यावर एखाद्या बाळंतिणीला घेऊन रुग्णवाहिका अडकली, तर तिचे इंजिन बंद करा असे कोण म्हणेल?

त्या पांढऱ्या गाडीत मात्र कोणीच नव्हते. पाहुणा यायचा म्हणून आपणही ताट झाकून ठेवतो, हे खरे. पण घरातल्या पोराला उपाशी ठेवून नव्हे. शिवाय काचा उघडून दोन-चार मिनिटे चालवली की तापलेली गाडी लवकर निवते. साहेबांचा चार मिनिटांचा घाम वाचावा म्हणून पंधरा-वीस बायांची अर्ध्या तासाची सावली गेली.

माझा एक मित्र म्हणतो, साहेब आजारी असतील, त्यांना ऊन सोसत नसेल. तुला काय ठाऊक? असेलही. मी त्याला विचारले, मग ड्रायव्हरला आत बसू द्यायला काय हरकत होती? त्यावर त्याने अजून उत्तर दिलेले नाही.